पेटीवरून मी उठले नाही

माझ्या बापाने आयुष्यात दोनच गोष्टी नीट केल्या. एक, दारू सोडली. दुसरी, उंदरांच्या पेट्या बनवल्या. माणसांच्या घराचं त्याला कधी जमलं नाही. बर्च लेनमध्ये आम्ही नऊ जण दोन खोल्यांत राहायचो, भिंतींना बारा महिने ओल, आणि घरमालकाने चुन्याचा हात फिरवलेला कुणाला आठवत नाही. पण मागच्या अंगणात बापाची जी छपरी होती, तिच्यात उंदीर मात्र राजासारखे राहायचे.

हे उंदीर म्हणजे बिळातले नव्हेत. बिळातला उंदीर दिसला तर मी अजूनही चपलेने मारते, कारण तो आमच्या उंदरांना रोग देतो आणि त्यांचे ओटचे दाणे खातो. आमचे उंदीर म्हणजे हौशीचे, प्रदर्शनात मांडायचे. बापाचा वाण पारव्या रंगाचा होता, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एकच रंग, पोटाखालीही तोच, डोळे गुलाबी. सूतगिरणीतून कापूस झटकत आलेली आमच्याकडची माणसं शनिवारी टाय लावून उंदरांच्या प्रदर्शनाला जातात, आणि तिथे सगळ्यांचे पिंजरे एका मापाचे, एका रंगाचे असतात, म्हणजे परीक्षकाला उंदीर दिसतो, मालक दिसत नाही. त्या एका टेबलावर माझा बाप गिरणीच्या व्यवस्थापकाच्या बरोबरीचा होता. बहुतेक वेळा वरचढ.

बाप गेला तेव्हा भावांनी घड्याळ आणि कोट घेतला. वाण मी घेतला. क्लबात कुजबुज झाली. हर्बर्ट टॅटरसल, आमच्या क्लबाचा सर्वांत मोठा बक्षीसवाला, माझ्या तोंडावर म्हणाला की बाईच्या हातात वाण टिकत नाही. मी म्हटलं, बाईच्या हातात टिकला नसता तर हर्बर्ट, तू कुठून आला असतास? त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलायला लागला.

तर, नगरपालिकेने बर्च लेन पाडायची ठरवली. वस्ती राहण्यालायक नाही, असा तिला शोध लागला. पन्नास वर्षं आम्ही तेच ओरडत होतो, पण आम्ही सांगितलेलं कुणाला खरं वाटत नव्हतं. टेकडीवर नवी घरं बांधली होती, त्यात प्रत्येकाला न्हाणीघर, अंगण आणि नळ. घर कुणाला द्यायचं, कोणत्या रांगेतलं द्यायचं, हे ठरवायला मिस थॉर्ली नावाची निरीक्षक बाई दारोदार फिरत होती. हातमोजे घालून गादी उलटून बघायची. गावात तेव्हा एकच विनोद चालायचा, की या लोकांना न्हाणीघर दिलं तर ते टबात कोळसा भरतील.

माझा नवरा एझ्रा हा सरळ मनाचा माणूस. गिरणीत सुतारकाम करतो. कुणी त्याला घाणेरडं म्हटलेलं त्याला सहन होत नाही. मिस थॉर्ली येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गिरणीत कामावर होते, आणि याने घर घासून काढलं. जमीन, उंबरा, शेगडी. मग छपरीत गेला. कार्बोलिकची, जंतू मारायच्या जहाल औषधाची, बाटली घेतली, उंदीर बादल्यांत काढून ठेवले, सगळ्या पेट्या आतून-बाहेरून घासल्या, वाळवल्या, नवं गवत घातलं आणि उंदीर परत ठेवले. किती प्रेमाने केलं असेल त्याने. आमच्यातलाच माणूस ही चूक करू शकतो, बाहेरचा कुणी उंदराची पेटी धुवायच्या भानगडीत पडणारच नाही.

पेटीला तिचा वास असतो. त्या वासावरून मादीला कळतं की हे माझं घर, इथे माझं कुणी वाईट करणार नाही. म्हणून आम्ही भुसा बदलतो, पण जुन्या गवतातली एक मूठ नेहमी परत ठेवतो. वास गेला की मादीची पाचावर धारण बसते. आणि घाबरलेली मादी आपलीच पिल्लं खाते. दोन दिवसांत सगळ्या पेट्यांमधली पिल्लं गेली, आणि आठवड्याभरात मोठेही एकेक करत गेले, कारण कार्बोलिक उंदराच्या अंगात भिनतं.

मिस थॉर्ली छपरीकडे फिरकलीच नाही. घर बघून तिने मात्र एझ्राच्या पाठीवर थाप मारली. 'स्वच्छ कुटुंब' म्हणाली.

मी एझ्राला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मी चार दिवस त्याच्याशी कशाबद्दलच बोलले नाही, आणि त्याला ते शिव्यांपेक्षा लागलं. पेट्या मी कुऱ्हाडीने फोडून शेगडीत घातल्या. एकच पेटी वाचली. ती तेव्हा टॅटरसलकडे होती, कारण त्याच्याकडचा नर माझ्या बापाच्याच नराचा नातू, आणि मी दोन माद्या त्याच्याकडे लावायला पाठवल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा एक, म्हातारी, रिकामीच राहिली होती, दुसरी गाभण. बापाचा तीस वर्षांचा वाण त्या एका मादीच्या पोटात होता.

टॅटरसलने लगेच हात पुढे केला. परत माझ्याकडेच ठेव, म्हणाला, माझी छपरी मोठी आहे, पेट्या रंगवलेल्या आहेत, आणि तुला नगरपालिका उंदीर ठेवू देणार आहे थोडीच. त्याची छपरी मी पाहिलेली होती. पत्र्याचं छप्पर, उन्हात तवा होतं. पेट्यांची पुढची सगळी बाजू जाळीची, बघणाऱ्याला छान दिसते, आतल्याला थेट वारा लागतो. आणि वर्षभरात माझे उंदीर त्याच्या नावाने टेबलावर गेले असते. मी म्हटलं, "हर्बर्ट, माझं ओझं मी वाहीन. तू आपली बक्षिसं सांभाळ."

मादी व्यायली आणि चौथ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली.

ही गाडी कशासाठी येते ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोठी, बंद, काळी गाडी. नव्या घरात जाणाऱ्या माणसाचं सगळं सामान तिच्यात घालतात, दारं लावतात आणि आत विषारी धूर सोडतात, म्हणजे ढेकूण, झुरळं, उंदीर, सगळं मरतं. सामान नंतर नव्या घरी पोचवतात. माणसांनी अंगावरच्या कपड्यांनिशी चालत जायचं. ही गाडी दारात उभी राहिली की पलीकडच्या चांगल्या गल्लीतल्या बायका पडदे सारून बघायच्या. एझ्राची मान त्या दिवशी इतकी खाली होती की मला वाटलं बूट शोधतोय.

पलंग गेला. टेबल गेलं. माझ्या आईची डुलती खुर्ची गेली. मी स्वयंपाकघराच्या मधोमध, बापाच्या पेटीवर बसून होते. पेटी तशी बसण्याजोगी आहे, लांबट, जाड फळ्यांची. आत दोन कप्पे आहेत. पुढचा खाण्याचा, त्याला हाताच्या पंजाएवढीच जस्ताची जाळी, बाकी सगळं लाकूड. मागचा अंधाराचा, घरट्याचा, आणि मध्ये उंदीर जाईल एवढं भोक. त्या मागच्या कप्प्यात ती मादी होती, तिची बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं होती आणि अंगाची ऊब द्यायला ती म्हातारी होती.

मुकादम आत आला. धिप्पाड माणूस, मिशीत तंबाखूचा वास.

"बाई, उठा. स्टूल द्या."

"हे स्टूल नाही."

"जे असेल ते. लाकडी सामान सगळं गाडीत."

"यात उंदीर आहेत," मी म्हटलं. खोटं बोलायची मला लाज वाटली नसती, पण त्या दिवशी मला खोटं बोलायचंच नव्हतं.

तो हसला. "अहो, मग तर आधी हीच घातली पाहिजे. गाडी त्याचसाठी आहे."

"मग मलाही घाला."

"काय?"

"मी पेटीवर बसलेय. पेटी उचलायची तर मला उचला. गाडीत मला हिच्यावर बसवा, दारं लावा, धूर सोडा. आणि मग नगरपालिकेला सांगा की शटलवर्थबाई आता अगदी स्वच्छ झाली."

त्याने एझ्राकडे पाहिलं. नवऱ्याने बायकोला आवरावं, अशी सगळ्या मुकादमांची अपेक्षा असते. एझ्रा खिडकीबाहेर बघत होता. मुकादमाच्या दोन माणसांनी दारातून डोकं घातलं, त्यांना ही मजा चुकवायची नव्हती. मी शाल घट्ट केली. माझ्या खाली, फळीच्या आत, काहीतरी खुडबुडलं. मादी घाबरली तर सगळं संपणार होतं. पण मी उठले नाही. एकदा आम्ही त्यांना आवडावं म्हणून वागून पाहिलं होतं. त्याचं काय फळ मिळालं ते मी कुऱ्हाडीने फोडून जाळलं होतं.

गाडीला दुपारच्या आत आणखी तीन घरं करायची होती. मुकादमाने मिशी चावली. शेवटी म्हणाला, "या खोलीत मला सामान दिसलं नाही. एक म्हातारी बसलेली दिसली."

"म्हातारी कोणाला म्हणतोस?"

"जाऊ दे ना, अ‍ॅडा," एझ्रा म्हणाला. गाडी आल्यापासून तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

टेकडीवर बस जाते, पण बसचे धक्के पिल्लांना नको होते. मी पेटी शालीखाली कडेवर घेतली आणि चालत गेले. एझ्रा म्हणत राहिला, मी घेतो, मी घेतो. मी दिली नाही. त्याच्या हाताला अजून मला कार्बोलिकचा वास येत होता, खरा की मनाचा कोण जाणे.

नवं घर रिकामं, उजेडाचं, चुन्याच्या वासाचं. एझ्रा नळ सोडून बघत बसला. मी पेटी हातात घेऊन घरभर फिरले, कारण जागा आधी ठरली पाहिजे, बूट नंतर काढता येतात. निजायच्या खोलीत नराचा उग्र वास कपड्यांना लागतो. न्हाणीघरात वाफ. जिन्याखाली गरम पाण्याचा नळ, म्हणजे दिवसा उकाडा, रात्री गारठा, आणि उंदराला थंडीपेक्षा हा चढउतार मारतो. कोळशाच्या खोलीत ओल आणि धूळ. मग मी स्वयंपाकघरातलं एक अरुंद दार उघडलं आणि उभीच राहिले.

ते कोठार होतं, दूध-लोणी ठेवायचं. उत्तरेची भिंत, म्हणजे ऊन कधीच नाही. वर छोटीशी खिडकी, तिला माश्या येऊ नयेत म्हणून बारीक भोकांची जस्ताची जाळी. दगडी फळ्या. वारा झुळझुळता, अंगावर न येणारा. नगरपालिकेच्या कोणत्या साहेबाने ही खोली आखली कोण जाणे, पण माझ्या बापाला पंचवीस वर्षं जी छपरी बांधायची होती ती त्याने न कळत बांधून ठेवली होती. मी दगडावर लाकडाच्या दोन पट्ट्या टाकल्या, म्हणजे गारवा थेट पेटीच्या बुडाला लागू नये, आणि पेटी ठेवली. दूध-लोण्याचं आम्ही बघून घेऊ, असं एझ्राला सांगितलं.

जागा बदलल्यावर मागचा कप्पा उघडायचा नाही, हा बापाचा नियम. उघडून बघितलं तर जिवंत असलेली पिल्लंही तुमच्या बघण्याने मरतात. फक्त कान लावायचा. मी जाळीला कान लावला. काही नाही. एझ्रा दारात उभा राहिला, श्वास रोखून. मग अगदी बारीक, ओल्या बोटाने काच पुसावी तसा आवाज आला. पिल्लं पीत होती. मी एझ्राकडे बघून मान हलवली, आणि तो माणूस दगडी फळीला डोकं टेकून रडला. मी त्याला रडू दिलं. त्याला ते देणं होतं आणि मला घेणं.

त्या दिवसापासून तो कामावरून लाकडाचे तुकडे आणायला लागला. बापाच्या पेटीचं माप घेऊन नव्या पेट्या, एकेक, सावकाश. रंग नाही, वार्निश नाही. प्रत्येक पेटीत जुन्या पेटीतल्या गवताची एक मूठ. मी काही बोलायच्या आत तोच मागायचा, बापाची पेटी उघडून ती मी काढून द्यायची.

मिस थॉर्ली नव्या घराच्या तपासणीला आली तेव्हा तिच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबलेल्या होत्या. पहिल्यांदा ती न्हाणीघरात गेली. टबात वाकून बघितलं. टब लख्ख होता. तिला जरा वाईट वाटल्यासारखं वाटलं मला. मग स्वयंपाकघरात आली आणि कपाटात लोणी, दूध, चीज बघून म्हणाली, हे कोठारात का नाही? आणि दार उघडलं.

तोपर्यंत पेट्या चार झाल्या होत्या. पिल्लं आईपासून सुटून त्यांत वाटली गेली होती. तिने जाळीतून आत बघितलं, आणि दोन पावलं मागे आली.

"हे काय आहे?"

"उंदीर."

"मला दिसतंय. नगरपालिकेने तुमचं सामान कशासाठी धुरी देऊन आणलं, मिसेस शटलवर्थ? हे उपद्रवी प्राणी..."

"उपद्रवी म्हणजे न बोलावता येतो तो. यांना मी बोलावलंय."

तिने हातमोजे काढले, म्हणजे आता ती रागावली होती. चांगलं घर दिलं तरी काही लोक त्याची झोपडपट्टी करतात, म्हणाली. दोष घराचा नसतो, आत राहणाऱ्यांचा असतो. समितीत ती हेच सांगत आली होती. घाणेरडी माणसंच घाणेरडी वस्ती बनवतात. शनिवारपर्यंत हे बाहेर गेले नाहीत तर किल्ली परत द्यायची.

मी हिचं ऐकून घेणार होते. खरंच. घर चांगलं होतं, माझ्या गुडघ्यांना ओल नसलेली भिंत पहिल्यांदा मिळाली होती. पण तिने माणसं म्हटलं आणि मला बर्च लेन दिसली, दोन खोल्या, नऊ जण, आणि माझी आई, जी शेवटी शेवटी आम्हा मुलांवर मांजरासारखी फिस्कारायची, आणि लोक म्हणायचे बाई वाईट आहे.

"मिस थॉर्ली," मी म्हटलं, "इकडे बघा. या पेटीत तीन माद्या राहतात. चौथी मी घालत नाही. का, विचारा."

तिने विचारलं नाही. मी सांगितलं.

"चौथी घातली की त्या भांडतात. पाचवी घातली की आजारी पडतात. ओली पेटी दिली, उजेडात उघडी ठेवली, तर पिल्लं खातात. आणि जो नवखा असतो ना, तो म्हणतो, मादीच वाईट आहे. माझा बाप अडाणी होता, पण मादीला वाईट म्हणणाऱ्याला तो छपरीत पाऊल टाकू द्यायचा नाही. म्हणायचा, पेटी कुणी बनवली ते आधी सांग. आम्ही बर्च लेनमध्ये नऊ जण राहिलो, बाई. मोजायला कुणी आलं नाही. आता तुम्ही आलात, आणि टबात कोळसा शोधताय."

तिचा चेहरा लाल झाला. "किल्ली," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. शनिवारची वाट बघायची तिची तयारी नव्हती.

किल्ली एझ्राच्या पाठीमागे खिळ्याला होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. या माणसाने कुणी त्याला स्वच्छ म्हणावं म्हणून काय काय केलं होतं ते मला माहीत होतं, आणि हे घर त्याला माझ्याहून जास्त हवं होतं. रोज कामावरून आला की तो आधी भिंतीला तळवा लावून बघायचा, कोरडी आहे ना. उंदीर टॅटरसलकडे देऊन टाकू, असं तो म्हणेल, असं मला वाटलं. मला त्याचा रागही येणार नव्हता.

एझ्रा पुढे आला. मिस थॉर्लीच्या हाताला वळसा घालून कोठारापाशी गेला आणि दार हळूच लोटलं.

"दार उघडं नका ठेवू, बाई," तो म्हणाला. "त्यांना वारा लागतो."

"मिस्टर शटलवर्थ, तुम्ही तरी समजूतदार आहात. मागच्या वेळी मी आले तेव्हा तुमचं घर किती..."

"तुम्ही येणार होता म्हणून मी पेट्या धुतल्या होत्या." "सगळं मेलं. माझ्या हाताने मेलं. तुम्ही पाठ थोपटलीत. आता मी धुणार नाही. किल्ली हवी तर तो मुकादम पाठवा, त्याला रस्ता माहीत आहे. तो आला की आम्ही दोघं पेट्यांवर बसू."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिने हातमोजे घातले, एकेक बोट, आणि गेली. फाटक उघडं टाकून गेली, ते एझ्राने जाऊन लावलं.

नगरपालिकेची पत्रं आली, धमकीची. मुकादम आला नाही. पत्रं अधूनमधून येतात, किल्ली अजून त्याच खिळ्याला आहे, आणि आम्ही ती काढलेली नाही. वासंतिक प्रदर्शनात त्या पिल्लांतली एक मादी मी इतरांसारख्याच पिंजऱ्यात, इतरांसारख्याच टेबलावर मांडली. परीक्षक होता हर्बर्ट टॅटरसल. त्याने तिला उचललं, पोट बघितलं, शेपटीचं मूळ बघितलं, वाण ओळखला, मग मान वर करून गर्दीत मला शोधलं. आम्ही दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

पण मला आठवतं ते हे नाही. मिस थॉर्ली गेल्यावर एझ्रा मोरीखाली वाकला आणि कार्बोलिकची बाटली काढली. ती विषारी धुरातून सामानाबरोबर टेकडीवर आली होती, मला पत्ता नव्हता. मागच्या दारी जाऊन त्याने ती गटारात ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत झटकली. मी म्हटलं, अरे, थोडं ठेव, गटारालाही लागतंच. तो म्हणाला, गटारालाच दिलंय की सगळं. मग हात धुऊन आत आला, साध्या पाण्याने, आणि मी पहिल्यांदा त्याला बापाची पेटी उघडायला दिली.